पहारा कोणाचा होता?

"कारण प्रत्येक माणसात एक नायक दडलेला असतो."

दहावीच्या तोंडी परीक्षेत हे वाक्य मी यंदा सतरा वेळा ऐकलं. प्रश्न माझाच होता. अद्भुत गोष्टींमधला साधासुधा, कोणाच्या खिजगणतीत नसलेला नायक आपल्याला प्रेरणा का देतो? वाटलं होतं, पोरं काहीतरी स्वतःचं बोलतील, निदान अडखळतील तरी. पण त्यांनी गाइडमधलं उत्तर गिळून आणलं होतं आणि माझ्या टेबलासमोर उभं राहून एकामागून एक ते बाहेर काढत होती. अठराव्या मुलीला मी विचारलं, "दडलेला असतो, तर कोणाच्या भीतीने दडलाय गं?" ती बावरली. म्हणाली, "टीचर, ते गाइडमध्ये नाहीये." मी तिला पूर्ण मार्क दिले. दिवसभरात तेवढंच एक खरं बोलणं कानावर पडलं होतं.

राग मुलांचा नव्हता, हे घरी जाताना रिक्षात बसल्यावर लक्षात आलं. सकाळी आईच्या नावाने एक गुलाबी कार्ड आलं होतं. महिला मंडळाचा महिला दिनाचा कार्यक्रम, 'आपल्यात दडलेल्या नायिकांचा सत्कार', शाल, श्रीफळ, अल्पोपाहार. सत्कारमूर्तींमध्ये आईचं नाव, आणि प्रमुख पाहुणे म्हणून ज्या यंत्रमागाच्या शेडमध्ये तिने सव्वीस वर्षं घालवली त्या शेडच्या शेठचा मुलगा. आता शेड राहिली नाही, तिथे गोडाऊन आहे आणि तेही त्याचंच. कार्ड वाचताना माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती. आईने मात्र ते दोनदा वाचून कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलं.

मार्च आला की भिवंडीत आधी पत्रे तापतात. आमच्या कामतघरच्या चाळीत दुपारी भिंतीला पाठ टेकवता यायची नाही. सुताला खळ लावतात त्या सायझिंगमधून शिजणाऱ्या खळीचा आंबूस वास यायचा. हवेत कापसाचं तूस तरंगायचं, ते घामावर चिकटायचं आणि मानेला खाज सुटायची. नाल्याला ज्या रंगाची ऑर्डर चालू असेल त्या रंगाचं पाणी. आणि या सगळ्याखाली लूमची खटखट, इतकी कायमची की ती आम्हाला ऐकूच यायची नाही. लाइट गेली की मात्र सगळी गल्ली दचकायची. लूम एकदम थांबायचे, पाळण्यातली पोरं रडत उठायची आणि घराघरांतली माणसं ओरडून बोलताना पकडली जायची. शेजारच्या घरातली भांडणं कशावरून आहेत ते आम्हाला लाइट गेल्यावरच समजायचं. दहावीचा अख्खा अभ्यास मी त्या खटखटीत केला. अजूनही अगदी शांत खोलीत मला काही पाठ होत नाही.

बाबा गेल्यावर आई नारपोलीच्या त्या शेडमध्ये कांड्या भरायला लागली. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती दोऱ्याची नळी. ती भरलेली नसेल तर लूम एक इंचभर कापड विणणार नाही. पण कापड हातात घेऊन कोणी कांडीवालीची आठवण काढल्याचं मी ऐकलेलं नाही.

शेडमध्ये बोलून उपयोग नसतो. एवढे लूम एका वेळी चालले की कानाशी ओरडलं तरी पोहोचत नाही. म्हणून तिथली माणसं आवाज लावतच नाहीत. नुसते ओठ हलवतात, ठसठशीत, आणि समोरचा ते वाचतो. जोडीला हात असतात. मनगटाला बोट लावलं की शेठ आला, कारण घड्याळ फक्त त्याच्या हातात. आईच्या शेजारच्या मशीनवर शकिला खाला होत्या, उत्तर प्रदेशातून आलेल्या. त्यांना मराठी येत नव्हतं आणि शहापूरकडच्या भातशेतीतून आलेल्या माझ्या आईचं हिंदी म्हणजे आनंदच होता. तरी दोघी दिवसभर गप्पा मारायच्या. सासर, माहेर, गुडघे, मुकादमाची चाल, सगळं ओठांवर.

ही सवय आईबरोबर घरी यायची. भाकरी थापताना ती माझ्याशी बोलायची आणि आवाज लावायला विसरायची. मला ते खटकायचं नाही, मीही तशीच उत्तरं द्यायचे. दोघी मायलेकी तास तास बोलत असायचो आणि दारावरून जाणाऱ्याला वाटायचं, घरात कोणी नाही.

गोष्टसुद्धा ती अशीच सांगायची. गोष्ट एकच, टिंगीची. एक राक्षस डोंगरापलीकडून आला आणि गावाच्या उशाशी येऊन झोपला. तो कोणाला खात नव्हता, नुसता घोरत होता. पण घोरणं एवढं मोठं की गावात कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येईना. लेकरू विहिरीकडे निघालं तरी आईची हाक पोहोचेना. राजाने फौज पाठवली. सेनापती हुकूम देत राहिला आणि फौज आपल्याच भाल्यांत अडकून पडली. राजाच्या पदरी एक मोठा जादूगार होता. त्याने मंत्र म्हटला, पण तो नीट म्हटला की नाही ते त्याचं त्यालाच कळेना. शेवटी उरली टिंगी, बकऱ्या राखणारी मुकी पोर. लोक तिला येताजाता चिडवायचे. तिने हाताच्या खुणांनी सगळ्या गावाला रांगेत उभं केलं, सगळ्यांना गप्प ठेवून डोंगरावर नेलं आणि आपल्या सगळ्यात खोडकर बकरीची शेपटी राक्षसाच्या नाकात घालायला लावली. राक्षस शिंकला तो सात डोंगर ओलांडून पडला.

राजा म्हणाला, टिंगे, अर्धं राज्य घे. टिंगीने राज्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती राजापुढे उभी राहिली आणि हातांनी विचारलं: राक्षस एवढा मोठा, तो आला तवा पहारा कोणाचा होता?

गोष्ट इथे संपायची. राजा काय म्हणाला, असं मी दर वेळी विचारायचे. आई पिठाचा हात झटकून म्हणायची, "अजून कायच बोल्ला न्हाय."

ही गोष्ट तिला कोणी सांगितली ते मला माहीत नाही. माझी खात्री आहे की ती तिने मशीनपाशी बसून स्वतः रचली. पुढे मी पुष्कळ अद्भुत गोष्टी वाचल्या, मराठीतल्या, बाहेरच्या. सगळीकडे तेच. तलवार पेलवत नाही असा कोणीतरी, बुटका, पोरका, भित्रा, घरी जाऊन जेवावं एवढीच इच्छा असलेला, आणि त्याच्या खांद्यावर अख्ख्या जगाचं ओझं. वाचताना छाती भरून येते, हे मी नाकारत नाही. त्याला भीती वाटते आणि तरी तो पाऊल टाकतो, तिथे माझं पान दर वेळी थांबतं. आपल्यालाही रोज भीती वाटत असते आणि आपल्यालाही तलवार पेलत नाही. तो जातो म्हणजे जाता येतं, एवढा साधा हिशोब असतो तो. पण त्याच पानावर लांब दाढीचे शहाणे म्हातारेही असतात. त्यांना सगळं आधीपासून माहीत असतं. राक्षस कधी येणार, कोणत्या खिंडीतून येणार, तो कशाने मरतो. मग हे लोक इतकी वर्षं काय करत होते? ते म्हणतात, भविष्यवाणीच तशी होती. म्हणजे स्वतः उठायचं नाही, दुसऱ्याच्या पोराला डोंगरावर पाठवायचं आणि पाठवताना त्याच्या डोक्यावर हात ठेवून गहिवरायचं. माझा त्या म्हाताऱ्यांवर फार राग आहे.

आईचे कान एका दिवसात गेले नाहीत. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दारावरची थाप, मग माझी मागून मारलेली हाक. सुरुवातीला तिने आणि शकिला खालांनी लूमखालचं तूस गोळा करून त्याचे बोळे कानात घातले होते. दोघींना बरं वाटत होतं. दोन-तीन दिवसांनी मुकादमाच्या ते ध्यानात आलं. कान बंद केले तर मशीन बिघडल्याचा आवाज कसा कळणार, म्हणून त्याने बोळे काढायला लावले. ऑफिसला विचारून आला होता, शेठही तेच म्हणाले होते. मशीनच्या तब्येतीसाठी माणसाचे कान उघडे ठेवायचे. या वाक्याशी मी इतकी वर्षं झगडतेय आणि अजून ते माझ्या गळ्याखाली उतरत नाही. डॉक्टरकडे गेलो तेव्हा त्यांनी सांगितलं, नस मेली, आता उशीर झाला. आईला ते ऐकू गेलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला ते ओठांनी सांगायचं काम माझ्यावर आलं. मी तेव्हा दहावीत होते. असाच मार्च होता.

त्याच आठवड्यात माझी मराठीची तोंडी परीक्षा होती. कोणतीही एक गोष्ट सांगा, असा प्रश्न. मला टिंगीपलीकडे काय येणार? मराठीच्या सरांसमोर उभी राहिले. खिडकीबाहेर शाळेला लागून एक शेड होती, तिचे लूम चालू होते. मी राक्षसापासून सुरुवात केली. फौज सांगितली, जादूगार सांगितला, हातांनी बकरी दाखवली, शेपटी दाखवली, अगदी मनापासून सांगितलं. गोष्ट संपल्यावर सरांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "आता बोलायला सुरुवात करतेस का?"

मी आवाज लावलाच नव्हता. घरी जशी बोलायचे तशी, आईशी बोलावं तशी, मी पाच मिनिटं नुसते ओठ हलवले होते. रांगेत उभी असलेली मुलं हसायला लागली. मग मला ठरवूनही आवाज फुटेना. सरांनी यादीत माझ्या नावापुढे 'बोलली नाही' असं लिहिलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं. मी चाळीत येऊन भांड्यांच्या फळीखाली तोंड घालून रडले. तोंडीचे मार्क गेले तर दहावी लटकणार होती. आणि दहावी लटकली की आईच्या शेजारचं मशीन माझी वाट बघत होतं, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई ड्युटी अर्धी टाकून शाळेत आली. केसांत तूस, हातावर खळीचे डाग, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. स्टाफरूममध्ये पाच-सहा जण डबे खात होते. मला बरोबर घेऊन ती थेट सरांच्या टेबलापाशी गेली.

"माझी पोर बोल्ली, सर," ती म्हणाली. "तुमाला दिसलं न्हाय."

"बाई, आवाजच आला नाही तिचा."

आईने त्यांचे ओठ वाचले. "आवाज न्हाय आला. पन ती बोल्ली. परत इचारा तिला. मी हितंच हुबी राहते."

सर भले गृहस्थ होते, हेही सांगायला हवं. त्यांनी डबा बाजूला सरकवला. मी उभी राहिले. पुन्हा नुसते ओठ हलू लागले. तेव्हा आई सरांच्या खुर्चीमागे जाऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि माझे ओठ वाचून मोठ्याने सांगायला लागली. "डोंगरापल्याडशी योक राक्षस आला." मी बिनआवाजाचं बोलायचे आणि ती एक वाक्य मागे राहून ते बोलायची, कान गेलेल्या माणसाच्या खडबडीत, वर-खाली होणाऱ्या आवाजात. डब्यांमधले हात थांबले. बकरीच्या शेपटीला कोणीतरी हसलं, आणि ते हसणं चांगलं होतं. मग राजाने अर्धं राज्य दिलं, आणि आई गप्प झाली. मी शेवटचं वाक्य ओठांनी म्हटलं. ती बोलली नाही. मी पुन्हा म्हटलं. ती नुसती बघत राहिली. तिने ते वाक्य माझ्यासाठी ठेवलं होतं.

"पहारा कोणाचा होता?" माझा आवाज निघाला तो शेडच्या मापाने निघाला. सर खुर्चीत दचकले.

मार्क मिळाले, मी पास झाले, शिकले, मास्तरीण झाले. सर आईला म्हणाले, "फार प्रेरणादायी आहात तुम्ही." स्टाफरूममध्ये टाळ्याही वाजल्या. पण मला मार्क देताना त्यांनी एक मार्क कापला आणि समजावून सांगितलं, की शेवट बरोबर नाही, गोष्टीत शेवटी सगळे सुखाने नांदतात. तो एक मार्क मी आजपर्यंत विसरलेले नाही. आणि त्या खोलीतल्या एकाही शहाण्या माणसाने आईला विचारलं नाही, की बाई, तुमचे कान कशाने गेले?

इथेच माझं घोडं अडतं. साध्या माणसाचं शौर्य बघून लोकांचे डोळे भरून येतात आणि भरलेल्या डोळ्यांना पुढचं काही दिसत नाही. प्रेरणा घेतली की काम झालं, घरी जायला मोकळे. जी बाई कान गमावून पोरगी शिकवते तिला नायिका म्हणायचं, म्हणजे मग त्या कानांचं काही देणं लागत नाही. टिंगीला डोंगरावर जावं लागलं, कारण ज्यांनी जायचं ते गेले नाहीत. तिची गोष्ट सांगताना जो हे वगळतो, तो राजाच्या पदरचा भाट आहे.

हे सगळं मी आईला ओठांनी, हातांनी, चिडून सांगितलं. कार्यक्रमाला जायचं नाही, असंही सांगितलं. ती शेंगा सोलत होती.

"जाव की," ती म्हणाली. "शकिला पन येनार हाय. न्हायतरी भेट कवा होते?"

"अगं, तो शेठचा मुलगा असणारे तिथे."

"म्हनून तर जाव."

हॉल भरला होता. पुढच्या खुर्च्यांवर मंडळाच्या बायका, मागे शकिला खाला आणि जुन्या कांडीवाल्या पाच-सहा जणी, आता कोणी गोडाऊनमध्ये पॅकिंग करते, कोणी घरीच असते. भाषणं चालू होती आणि मी आईला शब्द न्‌ शब्द ओठांनी सांगत होते. पाहुणे बोलायला उभे राहिले. माणूस वाईट वाटला नाही, त्याचा मला जास्त राग आला. ते म्हणाले, "यमुनाताई आमच्या शेडमध्ये इतकी वर्षं राबल्या, पण त्यांच्या तोंडून तक्रारीचा एक शब्द आम्ही कधी ऐकला नाही." मी तेही जसंच्या तसं आईला सांगितलं. ती छान हसली.

नाव पुकारल्यावर ती स्टेजवर गेली. शाल घेतली, नारळ घेतला, फोटोसाठी उभी राहिली. दोन शब्द बोला, म्हणून कोणीतरी तिच्या हातात माईक दिला. आईने तो तोंडाशी धरला आणि पाहुण्यांकडे वळून बोलायला लागली.

आवाज आला नाही. साउंडवाला धावत गेला, वायर हलवली, माईकवर टिचकी मारली. टिचकीचा आवाज हॉलभर घुमला. माईक चालू होता. पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या, एक जण हळहळून म्हणाली, "घाबरल्या बिचाऱ्या." मागे मात्र शकिला खाला खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या होत्या. मग त्यांच्या शेजारची उठली, मग सगळ्याच. त्या वाचत होत्या.

आई आवाज लावायला विसरलेली नव्हती. एकेक शब्द ती ठसठशीत, सावकाश, शेडमध्ये बोलायची तसा बोलत होती.

"काय म्हणतायत त्या?" पाहुण्यांनी विचारलं. सूत्रसंचालिकेने माझ्याकडे पाहिलं. मला भीती वाटत होती, थेट दहावीतल्यासारखी. मी उठले.

"ती म्हणतेय," मी म्हणाले, आणि पुढचं तिच्याच शब्दांत, एक वाक्य मागे राहून, सगळ्या हॉलला ऐकवलं. "मी कानात कापूस घातला व्हता. तो तुमच्या ऑफिसनं काढाय लावला. माजे कान गेले. शकिलाचे गेले. मागं हुब्या हायत त्या समद्यांचे गेले. तवा पहारा कोनाचा व्हता?"

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पाहुण्यांनी हातातल्या भाषणाच्या कागदाकडे पाहिलं, त्यात ते नव्हतं. आई माझे ओठ वाचत होती, एखादा शब्द सुटला का ते बघत. मग तिने माईक पाहुण्यांच्या हातात दिला, खांद्यावरची शाल सारखी केली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत तिथेच उभी राहिली.